विश्वासार्हतेचे पंचवीस गुण

“काका, तुम्ही जरा हॉलमध्ये बसता का?” डिझायनर विभा पांचाळ म्हणाल्या.

घर माझ्या नावावर, तेव्हा त्यातलं स्वयंपाकघरही माझ्याच नावावर असणार, असा माझा समज होता. तिथून मला आजवर कुणी बाहेर काढलं नव्हतं. नलिनीनं काढलं असेल, पण बायकोनं काढलेलं मोजत नाहीत.

“मी इथे असलो तर काही अडचण आहे का?”

“अडचण नाही. पण तुम्ही सारखे बोलताय.”

मी बाहेर आलो, वही उघडली आणि ‘सौजन्य’ या रकान्यात पंधरापैकी दोन गुण दिले.

रकान्यांचं आधी सांगायला हवं. मी एका नगरपालिकेच्या भांडार विभागात एकतीस वर्षं काढली. खराट्यापासून रोड रोलरपर्यंत काहीही घ्यायचं झालं की तीन पुरवठादार बोलवायचे, तुलनात्मक तक्ता करायचा, ज्याला सर्वांत जास्त गुण त्याला काम द्यायचं. असे तक्ते करून घेतलेल्या खराट्यांना दोन महिन्यांत टक्कल पडायचं. पण तक्त्यात चूक एकदाही निघाली नाही.

निवृत्त झालो आणि खरेदीच संपली. भाजी नलिनी आणायची, किराणा घरपोच यायचा. चार महिने मी हात चोळत बसलो आणि मग माझ्या मनात आलं की बायकोला नवीन स्वयंपाकघर करून द्यावं. तिला सुख द्यावं. सुख द्यायचं ठरलं की ते घेणाऱ्याला विचारत बसायचं नसतं, एवढं मी नोकरीत शिकलो होतो. तरी मी तिला सांगितलं.

“काय झालंय या ओट्याला?” ती म्हणाली.

“जुना झालाय.”

“तुम्हीही झालात.”

नाशिकला इंदिरानगरात आमचं घर. ओटा काळ्या कडप्प्याचा, मागे पांढऱ्या चौकोनी फरशा, भिंतीला स्टीलची मांडणी आणि तिच्यावर ओळीनं डबे. सव्वीस वर्षांत त्यातलं काही हललं नव्हतं, आणि अलीकडे तर नलिनीचा कारभार फारच कडक झाला होता. एकदा चहा करताना मी मिठाची बरणी वीतभर सरकवली, तर दिवसभर बोलणी खाल्ली. “जिथली वस्तू तिथे ठेवत जा हो. मला शोधायला लावू नका.” पाहुणे आले की मी सांगायचो, आमच्याकडे स्वयंपाकघरात लष्कर आहे, हॉलमध्ये लोकशाही. पाहुणे हसायचे. नलिनीही हसायची.

तिनं आणखी एक गोष्ट सुरू केली होती. सकाळी पेपर ती मला मोठ्यानं वाचायला सांगायची. माझ्या वाचनात काहीतरी असलं पाहिजे, असं धरून मी चाललो होतो. अग्रलेखाला मी वेगळा आवाज लावत असे.

तर तीन डिझायनर बोलावले. वक्तशीरपणा, सौजन्य, अनुभव, उत्साह, सादरीकरण असे रकाने केले, आणि शेवटी विश्वासार्हता. तिला पंचवीस गुण. घर चार-सहा आठवडे परक्याच्या हवाली करायचं, तेव्हा खरा प्रश्न तोच होता. विश्वास मोजायचा कसा यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी ठरवलं, माणूस माझ्याशी मोकळेपणानं बोलतो का आणि काम मनापासून मागतो का, हे पाहायचं.

पहिले गृहस्थ दोन तास उशिरा आले आणि अग्नीची दिशा कोणती यावर बोलून गेले. ते बाद.

दुसरा निमिष खरवंडीकर. तिशीचा, लॅपटॉप घेऊन आलेला. त्यानं आमच्या स्वयंपाकघराचं चित्र पडद्यावर उभं केलं, ते फिरवून दाखवलं, वरून दाखवलं. सगळं शुभ्र. ओटा पांढरा, कपाटं पांढरी, कुठे मूठ नाही, कडी नाही. “दाबायचं की उघडतं, सर.” मी म्हणालो, “आमच्या ऑफिसातही असंच होतं. दाबल्याशिवाय काही उघडायचं नाही.” निमिष इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. पाणी घेऊन आलेली नलिनी दाराशी थांबून पडद्याकडे बघत होती.

“काकू, आवडलं का?”

“छान आहे,” ती म्हणाली. “डबे कुठे दिसत नाहीत.”

“तीच तर मजा आहे काकू. काहीच दिसत नाही.”

आणि तिसऱ्या या विभा पांचाळ. चाळिशीच्या, सुतारकामाच्या घरातल्या, स्कूटरवर आलेल्या. पर्समध्ये टेप आणि कानावर पेन्सिल. मला बाहेर काढल्यावर त्यांनी नलिनीला एवढंच सांगितलं, “काकू, चहा करता? तुम्ही रोज करता तसा.” मग दार लोटलं गेलं. मला भांड्यांचे आवाज येत होते, लायटरचा आवाज आला. बोलणं काहीच नाही. बऱ्याच वेळानं दोघींचा हळू आवाज. चाळीस मिनिटांनी चहा बाहेर आला तोवर तो थंड झाला होता.

“काका, हे काम मी घेत नाही,” विभाबाई म्हणाल्या.

“म्हणजे?”

“ओट्याला हात लावू नका. शेगडीच्या वर एक चांगला दिवा लावा. माझा इलेक्ट्रिशियन पाठवते, अर्ध्या तासाचं काम आहे.”

“मी दिव्यासाठी बोलावलं नव्हतं. मला पूर्ण नवीन करायचंय.”

“काकूंचा हात बसलाय इथे.”

“हात कुठेही बसतो. मी चार ऑफिसं बदलली.”

त्या नलिनीकडे पाहायला लागल्या. नलिनी ट्रेमधले कप सरळ करत होती. ते सरळच होते.

“माझ्याकडे दुसरं मोठं काम आहे,” विभाबाई म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, हे लगेच कळत होतं. दारापाशी त्या पुन्हा वळल्या. “आणि करायचंच असेल तर कुणाकडूनही करा, पण सगळं पांढरं करू नका.”

एकतीस वर्षांत मी एकही पुरवठादार असा पाहिला नव्हता जो काम नको म्हणाला. जो नको म्हणतो त्याच्या पोटात काहीतरी असतं. आणि वर दुसऱ्याच्या रंगाला नावं ठेवणं. मी उत्साहाला शून्य दिलं, विश्वासार्हतेला तीन. शून्यच देणार होतो, पण बाईंनी चहाचा कप स्वतः विसळून ठेवला होता.

संध्याकाळी नलिनी मेथी निवडत बसली होती. मी तक्ता वाचून दाखवला. निमिषला शंभरपैकी एक्याण्णव गुण.

“पण शेवटी वापरणार तू,” मी म्हणालो. “सांग, कोण पसंत?”

“त्या बाई म्हणाल्या तसं करा.”

“बाई तर करू नका म्हणाल्या.”

“तेच करा.”

“न करण्याचं काम कसं करायचं, याचा शासन निर्णय अजून आलेला नाही.”

ती हसली. माझ्या प्रत्येक विनोदाला ती हसायची. चौतीस वर्षं संसार कसा टिकला असं कुणी विचारलं की मी हेच कारण सांगायचो.

बोटांनी पानं खुडता खुडता ती मध्येच थांबली. “अहो, मला एक सांगायचंय.”

“हरकती लेखी द्या. तीन प्रतींत.”

ती पुन्हा हसली. “काही नाही. मेथी जून निघाली.”

काम चालू असताना आम्ही महिनाभर मुलीकडे, केतकीकडे बंगळुरूला राहिलो. तिथे नलिनी जवळजवळ बसूनच होती. केतकी म्हणाली, आईला पहिल्यांदा आराम मिळतोय. मी म्हणालो, बघ, नवीन स्वयंपाकघराचा परिणाम आत्तापासूनच दिसतोय.

परत आलो तेव्हा निमिष दारात पेढे घेऊन उभा होता. आत गेलो आणि मलाच डोळे मिटावेसे वाटले, इतकं ते लख्ख होतं. ओटा कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते समजत नव्हतं. चित्रात होतं तस्संच. नलिनी उंबऱ्याशीच थांबली.

“चल, दूध उतू घालव,” मी म्हणालो. नव्या ओट्यावर पहिलं दूध उतू जाऊ द्यायचं, ही तिच्या माहेरची रीत. आमच्याकडचीही.

तिनं पातेलं घेतलं, त्यात पिशवीतलं दूध ओतलं, दोन पावलं टाकली आणि पातेलं ओट्यावर ठेवलं. म्हणजे तिला तसं वाटलं. ते ठेवलं ओट्याच्या काठावर, अर्धं आत, अर्धं बाहेर. तिनं हात काढला आणि ते सरळ खाली आलं. सगळं दूध तिच्या पायांवर, साडीवर, नव्या फरशीवर.

मग निमिष म्हणाला, “शुभ असतं, काकू.”

“आमच्याकडे दूध शेगडीवर न ठेवताच उतू जातं,” मी म्हणालो. “गॅसची बचत.”

निमिष हसला. नलिनीही हसली. दुधात उभी राहून, खाली न बघता. मग तिनं विचारलं, “फडकं कुठे आहे?”

फडकं कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. निमिषनं ओळीनं तीन दारं दाबून पाहिली.

पुढचे तीन आठवडे मी शांत राहिलो, असं माझं मत आहे. एके दिवशी आमटी अळणी, दुसऱ्या दिवशी खारट. चहाला अर्धा तास. तिच्या मनगटावर भाजल्याचा डाग, विचारलं तर म्हणे वाफ लागली. वस्तू सापडत नसतील म्हणून मी एक रविवार घालवून प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या. निळ्या बॉलपेननं, बारीक, नेटक्या अक्षरात: ‘डाळी’, ‘मसाले (कोरडे)’, ‘मसाले (इतर)’.

“अक्षर छान आहे तुमचं,” ती म्हणाली, आणि चुकीचा कप्पा उघडला.

तेव्हा मला उमगलं की ही रुसलीय. हे सगळं ती मुद्दाम करतेय. आणि हे तिच्या डोक्यात त्या पांचाळ बाईंनी भरवलंय, त्या दिवशी, दार लोटून. मी रिक्षा केली आणि सातपूरला त्यांच्या कारखान्यावर गेलो.

त्या प्लायवूडच्या फळीवर रेघा मारत होत्या. मी विचारलं, “तुम्ही माझ्या बायकोला काय सांगितलंत?”

“मी काहीच सांगितलं नाही.”

“मग ती नवीन ओट्यावर राग का काढते? वस्तू पाडते, भाजून घेते, मीठ दोनदा घालते.”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “पांढरं केलंत?”

“केलं.”

“मुठी?”

“नाहीत. दाबलं की उघडतं.”

त्यांनी फळी बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, “काकूंनी तुम्हाला काही सांगितलं नाही का अजून?”

“काय सांगायचंय?”

“ते मी नाही सांगणार. त्यांनी सांगू नका म्हटलंय.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला नुसतं काम नको म्हणालात. मला कसं कळणार?”

“काका, तुम्हाला कळणार नाही, असं त्याच म्हणाल्या होत्या.”

पलीकडे कुणीतरी करवत चालू केली. ती बंद होईपर्यंत आम्ही दोघंही उभे होतो.

“एक करा,” त्या म्हणाल्या. “घरी जा. त्या स्वयंपाक करत असतील तेव्हा दारात उभे राहा. अर्धा तास. काही बोलायचं नाही. मी एवढंच केलं होतं.”

सकाळचे अकरा वाजले होते. घरी आलो, लॅचच्या किल्लीनं दार उघडलं, चपला बाहेरच काढल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. अर्धा तास न बोलण्याचा मला अनुभव नव्हता.

नलिनी वांगी चिरत होती, शेगडीवर मंद आचेवर कढई होती. चिरून झाल्यावर ती डाव्या भिंतीपाशी गेली, भिंतीला तळहात लावला आणि तिथून कपाटांच्या दारांवरून हात सरकवत निघाली. ओठ हलत होते. एक, दोन, तीन, चार. चौथं दार दाबलं. आत हात घालून चाचपलं, एक डबा काढला, झाकण उघडून वास घेतला, परत ठेवला. पुन्हा भिंतीपाशी. पुन्हा एक, दोन, तीन. यावेळी पाचवं. वास घेतला, तेही नाही. तिसऱ्यांदा भिंतीपाशी जाताना उघड्या राहिलेल्या दाराचा कोपरा तिच्या कपाळाला लागला. तिनं कपाळ चोळलं, दार लावलं, आणि हात पुन्हा भिंतीला. हे तिला नवीन नव्हतं.

मग ती फ्रिजकडे आली. फ्रिज दाराशेजारीच. माझ्यापासून ती हातभर अंतरावर होती. तिनं कोथिंबीर काढली, फ्रिज लावला, माझ्या अंगावरून वारा गेला इतक्या जवळून वळली आणि ओट्याकडे गेली. तिनं मला पाहिलंच नाही. ओट्याची कड तिनं आधी पोटानं शोधली, मग त्यावर कोथिंबीर ठेवली.

अर्धा तास मला जमला नाही.

“नलू.”

तिचा हात सुरीवरच थांबला. “कधी आलात?”

“आत्ताच.”

“चपलांचा आवाज नाही आला.”

“किती दिसतं तुला?”

कुणी सांगितलं, कसं कळलं, असं तिनं काहीच विचारलं नाही. मला समोर पकडायला तिला मान थोडी फिरवावी लागली.

“समोरचं दिसतं. नळीतून बघतो ना, तेवढं. बाजूचं गेलं. आणि हे सगळं पांढऱ्यात पांढरं, यातलं काहीच नाही.”

“कधीपासून?”

“डॉक्टरांकडे जातेय त्याला तीन वर्षं होतील. काचबिंदू. मंगळवारी भजनाला जाते म्हणायचे ना, ते तिकडेच. थेंब घालते. आहे तेवढं टिकावं म्हणून. गेलेलं परत येत नाही म्हणतात.”

मंगळवारच्या भजनावर मी बरेच विनोद केले होते. चार पाहुण्यांत.

“त्या काळ्या ओट्यावर ठीक होतं,” ती म्हणाली. “सगळं हाताला माहीत होतं. तिथे मला डोळे लागतच नव्हते.”

“मला का नाही सांगितलंस?”

कढई तापून तेलाचा धूर यायला लागला होता. तिनं शेगडीच्या काचेवरून बोटं फिरवत बटण शोधलं आणि बंद केलं.

“तुम्ही काहीतरी छान बोलला असता,” ती म्हणाली. “मग मला हसावं लागलं असतं. डॉक्टरांकडून आले त्या दिवशी तेवढी ताकद नव्हती. दुसऱ्या दिवशीही नव्हती. मग राहूनच गेलं.”

“त्या बाईंना सांगितलंस.”

“त्यांना कुठे सांगितलं. त्यांनी पाहिलं. मी फक्त म्हटलं, ह्यांना सांगू नका.”

मी काही बोललो नाही. सवयीनं ती थोडा वेळ वाट पाहत थांबली. मग वळून वांग्याच्या फोडी पाण्यातून काढू लागली.

दुसऱ्या दिवशी मी विभाबाईंना घरी बोलावलं. तक्ता वगैरे केला नाही. म्हणालो, “हे सगळं तोडा. काळा कडप्पा आणा. मांडणी होती तिथेच लावा. तुमच्याकडे मापं असतील.”

“मापं आहेत,” त्या म्हणाल्या. “आणि करूनही देईन. पण काका, आता नाही म्हणायचं की हो म्हणायचं, ते त्यांना विचारा.”

आम्ही दोघांनी नलिनीकडे पाहिलं.

“नको,” ती म्हणाली. “पुन्हा तोडायचं, पुन्हा बांधायचं, त्यात दोन महिने जाणार. शिवाय तो काही जुना ओटा नसणार. एक बोट इकडे-तिकडे झालं तरी मला पहिल्यापासून शिकावं लागेल. त्यापेक्षा हेच पाठ करते. आत्ता थोडं दिसतंय तोवर.”

“डॉक्टर काय म्हणतात?” विभाबाईंनी विचारलं.

“चार-पाच वर्षं सहज, म्हणतात.”

“मग हे काम मी घेते,” विभाबाई म्हणाल्या. त्यांनी ओट्याच्या काठाला बोटभर रुंदीची काळी पट्टी बसवली, आणि खालच्या कप्प्यांना मुठी. प्रत्येक मूठ निराळ्या आकाराची: गोल, चौकोनी, लांबट, मधे खाच असलेली. माझ्या चिठ्ठ्या त्यांनी ओल्या फडक्यानं पुसून काढल्या. दिवसभराचं काम होतं. संध्याकाळी त्या नलिनीच्या हातचं वांग्याचं भरीत खाऊन गेल्या.

त्यानंतर रोज दुपारी, जेवणं झाली की, आम्ही पाठांतराला बसायचो. ती ओट्यापाशी डोळे मिटून उभी राहायची, मी स्टुलावर बसून विचारायचो.

“हिंग.”

“चौकोनी मूठ, आत उजवीकडे.”

“शेंगदाण्याचं कूट.”

“खाचेची. मागच्या बाजूला, पोह्यांच्या शेजारी.”

चुकली की पुन्हा भिंतीपासून. ती न कंटाळता करायची. मधूनमधून म्हणायची, शाळेत एवढा अभ्यास केला असता तर तुमच्याशी लग्न करावं लागलं नसतं. यावर मी हसायचो. मला उशीर लागायचा, पण हसायचो.

खालचे कप्पे अकरा. ते दिवाळीपर्यंत बिनचूक झाले. वरचे सहा आम्ही पुढच्या वर्षावर टाकले होते, चार-पाच वर्षं आहेत म्हणून.

होळीच्या आधी एक दिवस पुरणाची डाळ उपसता उपसता ती म्हणाली, दिवा लावा जरा. दिवा चालूच होता.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. खालचं सगळं ती अजून स्वतः काढते, एकदाही चुकत नाही. वरचे सहा राहिले.